प्रश्नपत्रिका टाइप करताना

पंचवटीतल्या एका शाळेत मी सातवीला इतिहास-भूगोल शिकवते. एका वर्षी सत्र परीक्षेची पत्रिका घरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आणि पेन ड्राइव्हवर झेरॉक्सच्या दुकानात नेली. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. 'गोदावरी'च्या जागी इंग्रजी अक्षरं न्‌ चिन्हांचा नुसता काला. रात्री जागून सगळी पत्रिका पुन्हा टाइप केली. ही वेळ नव्या शिक्षकांवर येऊ नये, म्हणून माझी पद्धत सांगते.

टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून मजकूर कुठेही मराठीच राहतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी, शिकाच: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या. 'दुसऱ्या'तला ऱ्या अनेकांना सापडत नाही आणि पत्रिकेत 'दुसर्या' छापलं जातं. मुलांसमोर असं अशुद्ध जाणं मला सहन होत नाही. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना. झालं.

मजकूर लिहायला मी लिब्रे ऑफिसचं रायटर वापरते. ते मोफत आहे. पान ए-फोर, चारही बाजूंना २ सेंमी समास. रायटर मराठीचा आणि इंग्रजीचा फॉन्ट वेगळा धरतो, त्यामुळे अक्षरांचा आकार दोन्हीकडे ठरवावा लागतो.

आता गुणांचं. प्रश्नापुढे उजवीकडे (५) लिहायला स्पेसबार बडवत बसू नका; एक शब्द बदलला की सगळे कंस पुढेमागे होतात. एफ ११ दाबून स्टाइल्स, म्हणजे मजकुराच्या मांडणीचे ठरलेले साचे, उघडा, मजकुराच्या मूळ स्टाइलवर राइट-क्लिक करून ती एडिट करा. टॅब्जमध्ये १७ सेंमीवर उजवा टॅब लावा, म्हणजे टॅब दाबल्यावर पुढचा मजकूर तिथे येऊन संपतो. पान २१ सेंमी रुंद, त्यातून दोन्ही समास वजा केले की १७ उरतात. मग प्रश्न संपल्यावर टॅब एकदाच दाबायचा. सगळे गुण एका ओळीत उभे राहतात.

'जोड्या लावा'ला टेबल घ्या. 'अ' गटात ब्रह्मगिरी, पांडवलेणी, नांदूरमध्यमेश्वर. 'ब' गटात पक्षी अभयारण्य, गोदावरीचा उगम, बौद्ध लेणी. नंतर टेबलाच्या रेघा काढून टाका. नवा विभाग पुढच्या पानावर हवा असेल तर एंटर मारत जाऊ नका, कंट्रोल-एंटर एकदा पुरे.

छपाईला पीडीएफच द्या, मूळ फाइल पुढच्या वर्षासाठी ठेवा. आधी एकच प्रत काढा, पेन्सिल घेऊन गुणांची बेरीज करा आणि ४० भरले की मगच बाकीच्या प्रती सांगा.