बांधावरची वाळवी बघायची कशी (औषध ओतायच्या आधी)

आमच्याकडं वारूळ दिसलं की लोक एकतर हळद-कुंकू वाहतात नाहीतर थेट औषधाचा डबा काढतात, मधलं काहीच नाही. आधी जरा बघा तरी.

मिरगाचा पाऊस पडल्यावर संध्याकाळी लाईटभोवती पंखवाले किडे येतात ना, त्यातला एक हातावर घ्या. चारही पंख सारखे लांब अन् कंबर जाड असली तर ती वाळवी, मुंगीची कंबर बारीक असते अन् पुढचे पंख मोठे.

मग पऱ्हाटीच्या वाळक्या काडीवर मातीचा लेप चढलाय का बघा, तो नखानं इंचभर उकरा अन् गप बसून रहा. कामकरी पांढुरक्या असतात, अंग मऊ, उन्हात लगेच सुकतात म्हणून तर हा मातीचा बोगदा, अन् डोकं मोठं असलेल्या शिपाई पुढं येऊन उभ्या राहतात तोवर मागं ओली माती लावून भोक बुजवायचं काम चालू. मी एकदा चहा गार होईपर्यंत बघत बसलो होतो.

वारूळ फोडू नका. आत राणी असते अन् चावलेल्या काडीकचऱ्यावर बुरशीची शेती चालते, माणसाच्या कितीतरी आधीपासूनची! त्या बोगद्यांतून पाणी मुरतं, हवा खेळते, खालची माती वर येते.

घराच्या चौकटीला लागली तर मात्र दया नको, आधी भिंतीची ओल काढा.