विनोदी खून-रहस्यकथा कशी लिहायची? गुप्तहेर म्हणून पोळीवाल्या मावशी घ्या

विनोदी रहस्यकथा लिहायची म्हटलं की बरेच जण पहिल्यांदा गुप्तहेरालाच वेंधळा करून टाकतात, तो धडपडतो, भलत्यालाच पकडतो आणि शेवटी नशिबाने खुनी सापडतो. प्लीज असं करू नका. गुप्तहेर अनपेक्षित हवा, बिनडोक नको. त्याच्या रोजच्या कामातली जी अक्कल पोलिसांकडे नाही तिनेच खून उलगडला पाहिजे, आणि हसूही त्याच कामातून आलं पाहिजे.

म्हणून आधी माणूस ठरवा, खून नंतर. मी इथे डोंबिवलीतल्या सोसायटीत पोळ्या करणाऱ्या मावशी घेते. आठ घरांत रोजचं जाणं-येणं, कोण डाएटवर आहे, कोणाकडे गुपचूप पाहुणा उतरलाय हे सगळं त्यांना कणकेच्या मापावरूनच कळतं. आता लायसन्सचं काय असं कोणी विचारेलच, तर खासगी गुप्तहेरांना लायसन्स देणारा केंद्राचा कायदाच आपल्याकडे नाहीये, २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं पण त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे मावशी निर्धास्त पाटी लावू शकतात.

हेतू मात्र खरा आणि गंभीर ठेवा. रिडेव्हलपमेंट घ्या. महाराष्ट्रात २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्याला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, म्हणजे ४० सभासद असतील तर २१ मतं, आणि गाडं २० वर अडलंय, एकटे राहणारे चेअरमन काका काही केल्या सही करत नाहीत. त्यांचाच खून झाला की झालं, अख्खी सोसायटी संशयित! आणि ते सगळे बिल्डरच्या नावाने भांडत असताना खरा खुनी, काकांच्या फ्लॅटवर डोळा असलेला त्यांचा पुतण्या, चहाचे कप गोळा करत मागे फिरतोय. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पानातच आणा हं. १९२९ साली इंग्लंडच्या रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले त्यातला पहिलाच हा आहे की गुन्हेगार सुरुवातीलाच दिसलेला हवा, आणि आणखी एक असा की गुप्तहेराला सापडलेला धागा लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. मला धाग्याचा हा नियम जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण वाचकापासून लपवून ठेवलेला धागा ही सरळ फसवणूक आहे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, मावशी खुनाच्या खोलीत शिरणार कशा? खिडकीतून वगैरे नको, कायदाच त्यांना आत नेतो. संशयास्पद मृत्यू असला की पोलिसांना आजूबाजूच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृतदेहाचा पंचनामा करावा लागतो, आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. आणि पंच म्हणून सही करायची म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे, सेक्रेटरींना अचानक ऑफिस आठवतं, समोरच्या काकांचं बीपी वाढतं, कोर्टाच्या फेऱ्या कोणाला हव्यात. उरतात वॉचमन आणि जवळच राहणाऱ्या मावशी. हा प्रसंग सावकाश लिहा, घाई करू नका, कारण तुमचा मुख्य धागा इथेच पेरायचाय. हवालदार भराभर लिहितोय आणि मावशी ओट्याकडे बघतायत.

"मावशी, इथं माणूस मेलाय आणि तुम्ही कणीक काय लिहायला सांगताय?"

"सगळं लिवायचं म्हनालात ना सायेब? मग लिवा. परातीत कणीक, वरून काळी, वास आंबूस. न्हाईतर मी सही न्हाई करनार."

वाचक हसतो आणि पुढे जातो. पण पुतण्याचा जबाब आहे की तो सकाळी सातला पुण्याहून आला, मावशींची त्या दिवशी काकांकडे सुट्टी म्हणून कणीक त्यानेच भिजवली, मग काकांना उठवायला गेला. पोलीस आलेत आठला. मे महिना असला तरी तासाभरात कणीक काळी आणि आंबट होत नाही, म्हणजे ती रात्रीची आहे, म्हणजे पुतण्याही रात्रीपासूनच इथे आहे!

हे वाचकाला अन्याय्य वाटू नये म्हणून बरंच आधी एक छोटं भांडण टाका, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कालची कणीक पुढे करतात आणि मावशी सुनावतात, "वैनी, ही काळी पडलीय, ह्याच्या पोळ्या मी न्हाई लाटनार." जिथे हसू तिथेच धागा, सगळी युक्ती एवढीच आहे.

आणि हसायचं कोणाला ते नीट ठरवा. मावशींच्या बोलीला किंवा गरिबीला हसवलंत तर गोष्ट मेली, हसू त्यांच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवर यायला हवं. काकांच्या मृत्यूवरही विनोद नको, कोणीतरी एक जण त्यांच्यासाठी मनापासून रडलं पाहिजे.

कायद्याच्या बारीकसारीक गोष्टी जपा. १ जुलै २०२४ नंतर झालेल्या खुनाला "तीनशे दोन" लावू नका, आता न्याय संहितेचं कलम १०३ आहे. डॉक्टर मृत्यूची वेळ मिनिटात सांगत नाहीत, अंदाजे तास सांगतात, उकाड्यात शरीर लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं. व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) लॅबला गेला की रिपोर्ट येईपर्यंतचा वेळ मावशींचा.

शेवटी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून इन्स्पेक्टरसमोर कबुली घेण्याचा मोह होतो, पण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मावशींसारख्या खासगी माणसाजवळ आपणहून दिलेली चालू शकते, कोर्ट मात्र तिला दुसरा आधार शोधतं. म्हणून पुतण्याला पोलीस येण्याआधी स्वयंपाकघरात बोलू द्या, मावशी लाटत राहतील, आणि आधाराला पंचनाम्यातली ती कणकेची ओळ आहेच.

ड्राफ्ट झाला की घरातल्या कोणालातरी वाचायला द्या. कणकेच्या प्रसंगाला हसले आणि तरी पुतण्याचा संशय आला नाही तर जमलं. न हसताच संशय आला तर काकूंचं भांडण अजून आधीच्या पानांत सरकवा आणि थोडं वाढवा.