अनधिकृत बांधकामाची नोटीस कोर्टात टिकावी म्हणून

किनाऱ्यावरच्या नगरपंचायतींचे दावे चालवताना माझ्या असे लक्षात आले आहे की, बांधकाम उघडउघड अनधिकृत असले तरी प्रकरण हातचे जाते ते बहुधा नोटिशीच्या बजावणीत. कोकणात तर सातबाऱ्यावर दहा-बारा सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत, आणि गणपती-शिमगा सोडला तर घराला कुलूप.

म्हणून आधी ताजा सातबारा आणि कर आकारणीचा उतारा काढून सर्व नावे लिहून घ्यावीत. एखादा खातेदार मयत असून वारसनोंद झालेली नसेल, तर भावकीत चौकशी करून वारसांच्या नावे नोटीस काढावी. मयताच्या नावची नोटीस काही उपयोगाची नाही. प्रत्यक्ष ताबेदारालाही ती द्यावी.

बांधकामे पाडण्याबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून शिवाय बांधकामावर डकवावी लागते आणि किमान 15 दिवसांची मुदत ती मिळाल्यापासून मोजावी लागते, जावक नोंदवहीतल्या तारखेपासून नव्हे. बजावणी होताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवावे. त्यानंतर सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर पुन्हा 15 दिवस. रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशयावरील अतिक्रमणाला हे निर्देश लागू नाहीत. मात्र जागा रस्त्याचीच आहे हे मोजणी नकाशावरून दाखवता आले पाहिजे.

एका प्रकरणात आषाढात जांभ्याच्या भिंतीवर खळीने डकवलेला कागद रात्रीत वाहून गेला. फोटो नव्हता, आणि उलटतपासात पंच म्हणाला, “सही मी ऑफिसातच केली.” तेव्हापासून मी कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराला लावायला आणि तारीख-वेळ उमटलेला फोटो काढायला सांगतो.

पंचनाम्यात “समुद्रापासून अंदाजे 150 मीटर” असे लिहू नये. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत अंतर उच्चतम भरती रेषेपासून मोजतात, आणि ती रेषा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहावी लागते. घरपट्टी भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही, हा मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, घ्यावाच.

आदेशाबरोबरच दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय मनाई हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. त्याची मुदत 90 दिवसांची असते. ती संपायच्या आत नवे कॅव्हेट टाकण्याची तारीख वकिलाच्याच नव्हे, कार्यालयाच्या डायरीतही लिहून ठेवावी, कारण मनाई हुकुमाचे अर्ज नेमके एक्याण्णवाव्या दिवशी आलेले मी पाहिले आहेत.