चोक सोडताच बंद पडणारी जुनी मोटारसायकल
कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल चोक ओढल्यावर नीट चालत असेल, पण चोक सोडताच सिग्नलला बंद पडत असेल, तर आयडलिंगचा स्क्रू आवळत बसण्याआधी (बहुतेक जण तेच करतात) पेट्रोलचा कॉक बंद करून, थंड इंजिनावर पायलट जेट (कार्ब्युरेटरमधला, इंजिन मंद चालताना पेट्रोल पुरवणारा छोटा छिद्राचा भाग) काढावा आणि उजेडासमोर धरावा. त्याचे केसाएवढे छिद्र बहुधा वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेले असते. ते कार्ब्युरेटर क्लीनरने व हवेच्या दाबाने साफ करावे. तार मात्र घालू नये, कारण छिद्र किंचित जरी रुंदावले तरी पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचे प्रमाण बिघडते. गाडी १०-१५ मिनिटे चालून मग गुदमरत असेल, तर टाकीचे झाकण उघडावे; फुस्स आवाजासह हवा आत गेली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे.