साप चावला तर: निघण्याआधी काय करावं आणि दवाखान्यात काय होतं

साप चावल्यावर दवाखान्यात कधी जावं? लगेच. ‘सूज येते का बघू, मग ठरवू’ हा हिशेब मण्यारीपुढे चालत नाही. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. खाली झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या जड होताहेत, तर कुणी साप पाहिला नसला तरी त्याला उचलून न्या.

नाग चावला की दंशाची जागा दुखते, सुजते, मग डोळे मिटू लागतात, बोलणं जड होतं, श्वास अडतो. घोणस आणि कोकणात सर्रास दिसणारं फुरसं रक्त गोठू देत नाहीत: हिरड्यांतून रक्त, लालसर लघवी.

निघण्यापूर्वी

आधी सापापासून दूर व्हा. त्याला मारण्यात वेळ घालवू नका. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर नको.

अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ, काळा दोरा काढा. सूज वाढली की हेच रुततं. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा काठी लावून हात-पाय सैलसर बांधा. रुग्णाला चालवू नका, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. चावल्याची वेळ लिहून ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

दोरी आवळू नका. रक्तपुरवठा तुटून मांस सडतं आणि दोरी सुटली की साठलेलं विष एकदम अंगात जातं. आधीच कुणी आवळून बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांना सोडू द्या. चिरा, चोखणं, बर्फ, पाला, काहीच नको. दुखतं म्हणून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. भगताकडे ‘उतरलेलं’ विष अनेकदा मुळात शिरलेलंच नसतं, कारण विषारी सापाचा दंशही कधीकधी कोरडा असतो.

108 ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा आणि वाटेतूनच ‘सापाची लस (म्हणजे विषावरचा उतारा) आहे का?’ हे फोनवर विचारा.

दवाखान्यात

विषबाधेची लक्षणं नसतील तर लस देत नाहीत. नातेवाईक इथेच भांडतात, पण डॉक्टर बरोबर असतात: लस घोड्याच्या रक्तातून बनते, तिची रिॲक्शन येऊ शकते. अशा रुग्णाला किमान 24 तास ठेवून घेतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी नेऊ नका.

शिरेतलं सुमारे 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त वाहिलं, तर ते गोठत नाहीये. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो.

लस लागली तर साधारण 10 कुप्या सलाईनमधून तासाभरात देतात. विष वजन पाहून टोचलेलं नसतं, म्हणून लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस. दंशाच्या जागी लस टोचत नाहीत. खाज, गांधी, थंडी, धाप, यातलं काहीही जाणवलं की तत्काळ नर्सला सांगा. लस थांबवून ॲड्रेनलिन देतात आणि सावरल्यावर पुन्हा सुरू करतात. रक्ताची तपासणी साधारण 6 तासांनी पुन्हा होते.

मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना चिकटलं की लस ते सोडवू शकत नाही. मग काही दिवस व्हेंटिलेटर लागतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करून मोठ्या रुग्णालयात हलवतात. निघताना कुप्यांची संख्या आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.

घोणस चावली असेल तर लघवी किती होते ते मोजा. कमी झाली तर मूत्रपिंड तपासावी लागतात. घरी आल्यावर 5 ते 10 दिवसांत ताप, सांधेदुखी, पुरळ आलं, तर तो लसीचा उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो. त्यावर औषध आहे, परत जा.