नाईट करून आल्यावर झोप येत नसेल तर आधी वर कौलाकडे बघा

खेड तालुक्यातल्या लोटे एमआयडीसीत नाईट शिफ्ट करणाऱ्यांसाठी सांगतोय, सकाळी 7 ला सुटून घरी येईपर्यंत डोळ्यात ऊन भरतं आणि त्या उजेडाने शरीराला वाटतं दिवस उजाडला, झोप आणणारं मेलाटोनिन हार्मोन दबतं आणि मग अंग मोडून आलेलं असलं तरी नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर. आपल्या कौलारू घरात खिडक्या बंद केल्या तरी वरच्या काचेच्या कौलातून उजेड थेट तोंडावर येतो, ते जाड गोणपाटाने नाहीतर काळ्या प्लास्टिकने झाकून टाका, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. पहाटे 2 नंतर चहा नको, त्यातलं झोप उडवणारं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण 5-6 तास जातात. उपाशीपोटी पण झोपू नका, थोडी पेज घ्या. मासेवाली दारात येऊन हाक मारते ना, तिला आधीच सांगून ठेवा, समजून घेते बिचारी. सलग झोप होत नसेल तर सकाळी 5 तास आणि ड्यूटीच्या आधी दीड तास अशी तोडून घ्या, चालतं. आणि डोळे मिटत असतील तर बाईक अजिबात काढू नका, परशुराम घाटात तर नाहीच, बसने या.