ख्रिस्ती धर्माच्या उगमावरचं संशोधन: विश्वासार्हतेवर वाद कसा घालावा

‘अभ्यासक श्रद्धाळू आहे, तो पक्षपातीच असणार’ किंवा ‘नास्तिक आहे, धर्मावर राग काढतोय’, या दोन वाक्यांपाशीच बहुतेक वाद अडतात. पूर्वग्रह दिसला तर दावा जास्त बारकाईनं तपासा. पण पूर्वग्रह दाखवला म्हणजे दावा खोडला, असं होत नाही.

आधी दावा एका वाक्यात लिहून घ्या. ‘येशू नावाचा माणूस होऊन गेला’, ‘तो मेलेल्यांतून उठला’ आणि ‘तो उठला असं त्याचे अनुयायी अगदी सुरुवातीपासून मानत होते’ हे तीन वेगळे दावे आहेत. दुसऱ्यात चमत्कार शक्य आहे का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आधी येतो. पहिल्या आणि तिसऱ्याचं तसं नाही, ते कागदपत्रांवर तपासता येतात.

मग प्रत्येक साधनापुढे दोन काळ लिहा: मजकूर कधी रचला आणि हाती असलेली सर्वांत जुनी प्रत कधीची. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल याची निर्विवाद मानलेली (खरोखर त्याचीच असं ठरलेली) सात पत्रं साधारण इ.स. ५० ते ६० या काळातली, मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या जीवनाचं वर्णन) सुमारे ७०चं. रोमन इतिहासकार टॅसिटसनं ११६च्या आसपास ख्रिस्ताबद्दल लिहिलं, पण त्या भागाची जुनी प्रत ११व्या शतकातली आहे. उशिराची प्रत म्हणजे खोटा मजकूर नव्हे. मात्र मधल्या नकलांत कुणाचा हात फिरला का, हे विचारलंच पाहिजे.

पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. सुमारे ९३-९४ साली लिहिलेल्या त्याच्या यहुदी इतिहासाच्या १८व्या खंडात येशूबद्दल ‘तो ख्रिस्त (म्हणजे मसीहा, देवानं पाठवलेला तारणारा) होता’ असं वाक्य येतं. यहुदी राहिलेला माणूस असं लिहील का? शिवाय ३ऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक ओरिजेन सांगतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणून बरेच अभ्यासक मूळ उल्लेख खरा आणि काही वाक्यं प्रक्षिप्त, म्हणजे नंतर घुसडलेली, मानतात. काहीजण सगळा उताराच नंतरचा ठरवतात. तेव्हा ‘योसेफसनं लिहिलंय’ एवढ्यावर थांबू नका, कोणतं वाक्य ते विचारा. २०व्या खंडातला ‘ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ याकोब’ हा उल्लेख बहुतेकांना अस्सल वाटतो. तो वेगळा मांडा.

हस्ताक्षरावरून ठरवलेला काळ म्हणजे शिक्का मारलेली तारीख नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाचा मँचेस्टरमधला पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा) तुकडा जेमतेम ९ बाय ६ सेंटीमीटरचा आहे. १९३५ साली तो प्रकाशित झाला आणि ‘इ.स. १२५’ हा आकडा लोकांत रूढ झाला. २००५ मध्ये अभ्यासक ब्रेंट नोंगब्री यांनी दाखवलं की २ऱ्या शतकाचा उत्तरार्ध किंवा ३ऱ्याची सुरुवातही नाकारता येत नाही.

खळबळजनक शोध आला की तो तुकडा कुणाकडून, कुठून आला ते आधी विचारा. २०१२ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासक कॅरेन किंग यांनी येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या भाषेतला) तुकडा जाहीर केला. पपायरस खरोखर जुना निघाला, पण त्यानं शाईचं वय ठरत नाही. मजकूर थोमाच्या शुभवर्तमान या बायबलबाहेरच्या जुन्या ग्रंथाच्या इंटरनेटवरच्या आवृत्तीशी, तिच्यातल्या छपाईच्या चुकीसकट, जुळला. २०१६ मध्ये मालकाचा माग लागल्यावर तुकडा बनावट असण्याचीच शक्यता किंग यांनीही मान्य केली.

साक्षीदार मोजताना मत्तय, मार्क आणि लूक हे तीन धरू नका. पहिल्या आणि तिसऱ्यानं मार्क वापरला, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्यामुळे सामाईक प्रसंगाला साक्ष एकच.

बहुमतही नुसतं पुढे करू नका, त्यामागचं कारण मांडा. येशू झालाच नाही म्हणणाऱ्यासमोर पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय ठेवा: पौल यरुशलेमात केफाकडे (येशूचा शिष्य पेत्र) पंधरा दिवस राहिला आणि ‘प्रभूचा बंधू याकोब’ याला, म्हणजे येशूच्या भावाला, भेटला. ‘बंधू’ म्हणजे कोणीही विश्वासू, असं उत्तर आलं तर पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्रातला ९:५ काढा. तिथे ‘प्रभूचे बंधू’ इतर प्रेषित आणि केफा यांच्यापासून वेगळे मोजले आहेत. ‘प्रभूचे बंधू’ हा खास गटाचा किताब होता म्हणणाऱ्याकडे, असा गट आणखी कुठल्या जुन्या मजकुरात दिसतो, ते मागा.